युद्धकाळातील कला ही चैन नव्हे

युद्धाने होरपळलेल्या देशांतील नाटक-संगीतावर मदतनिधी खर्च करणे ही चैन आहे, हे रविवारच्या पुरवणीतील लेखात मांडलेले मत पटले नाही. बोस्नियातील सारायेव्हो शहराला १९९२ ते १९९६ अशी जवळपास चार वर्षे वेढा पडला होता आणि वेढ्याच्या पहिल्याच वर्षी तेथील रंगकर्मींनी ‘सारायेव्हो युद्ध रंगभूमी’ ही संस्था उभी केली. १९९३ च्या उन्हाळ्यात अमेरिकी लेखिका सुसान सोन्टॅग यांनी तेथे बसवलेल्या नाटकातील स्थानिक नट घरचे पाणी लांबून वाहून आणून मग तालमीला येत, पुरेसे अन्न नसल्याने आपले काम नसेल तेव्हा रंगमंचावरच आडवे होत, आणि वीज नसल्यामुळे प्रयोग मेणबत्त्यांच्या उजेडात झाले. शहरावर तोफांचा आणि बंदूकधाऱ्यांचा मारा सुरू असताना प्रेक्षकही येत होते, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण आपल्याला नाटक हवे आहे, हे त्या शहराने स्वतः ठरवले होते. अन्न आणि औषधे आधी पोचली पाहिजेत, याबद्दल दुमत नाही; मात्र त्यापुढील गरजा आपण दुरून ठरवू नयेत आणि रंगकर्मी व वादक यांच्यासाठीची तरतूद मदतीच्या यादीतून वगळू नये.

– एक वाचक, सातारा