माझ्या मुलाचा खेळ ओळखणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

आपले घर फोंड्यात आमच्यापासून लांब नाही, त्यामुळे हे सारे समक्ष येऊन सांगता आले असते. परंतु आपण माझ्या मुलासाठी जे केले ते गोव्यातल्या इतर पालकांनाही कळावे, असे आम्हा उभयतांना वाटते, म्हणून हे जाहीर पत्र.

व्यावसायिक बास्केटबॉल खेळण्यासाठी मुलाची बाहेरच्या संघात निवड झाली, तेव्हा घरात झालेला आनंद हंगाम संपेपर्यंत टिकला नाही. संघाच्या यादीत नाव होते, पण सामन्याची ४० मिनिटे तो बहुतेक वेळा बेंचवरच बसून काढी. "उंची आहे, पण उपयोग नाही" हा शेरा त्याला इतका लागला होता की, पावसाळ्यात घरी आल्यावर तो नोकरीच्या जाहिराती पाहू लागला.

आपण त्याच्याकडून सामन्यांचे व्हिडिओ मागून घेतलेत आणि त्याने किती गुण केले याकडे न पाहता, त्याची नजर कुठे जाते हे पाहत बसलात. शाळेत सर्वांत उंच म्हणून त्याला रिंगखाली उभे केले गेले आणि पुढेही तो तिथेच राहिला. मात्र सहा फूट चार इंच ही आपल्या तालुक्यात नजरेत भरणारी उंची व्यावसायिक संघात त्या जागेसाठी अपुरी पडते, हे आपण त्याला स्पष्ट सांगितलेत. दोन खेळाडू अंगावर आले की मोकळा झालेला साथीदार त्याला सर्वांआधी दिसतो, हा त्याचा खरा गुण. आणि रिंगकडे पाठ करून खेळताना तोच वाया जातो, हे आपल्याखेरीज कोणाच्या लक्षात आले नव्हते.

आपल्याकडची बहुतेक मैदाने उघडी असल्यामुळे जून ते सप्टेंबर खेळ बंदच असतो. आपण शाळेचा पत्र्याचा हॉल मिळवलात. मी एकदा तिथे आलो होतो, तेव्हा पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसात आपला आवाज ऐकू जात नव्हता आणि आपण नुसत्या हातांनी खुणा करून त्याला शिकवत होता. त्याचा उजवा हात बनियनमध्ये खोचलेला होता, आणि तो एकट्या डाव्या हाताने ड्रिबल करत खुर्च्यांमधून वाट काढत होता. तीन गुणांच्या, म्हणजे ६.७५ मीटरच्या रेषेबाहेरून मारलेला चेंडू हुकला की, कोणता पाय आधी टेकला ते आपण वहीत टिपत होता; चेंडू रिंगमध्ये गेला तर काहीच लिहीत नव्हता.

त्याची उमेद खचू लागली की आपण त्याला अमेरिकन बास्केटबॉलपटू जर्मेन ओनीलची हकिकत सांगत असा. १९९६ साली पोर्टलंडच्या संघाने निवडलेला हा मुलगा चार हंगाम बहुतांशी बेंचवर होता. २००० साली इंडियानाच्या संघाने त्याला घेऊन खेळवले आणि २००२ मध्ये एनबीए या तिथल्या व्यावसायिक लीगमधील सर्वाधिक प्रगती करणारा खेळाडू म्हणून त्याचा गौरव झाला. पोर्टलंडमध्येही तो हाच होता, संधी तेवढी नव्हती, हे आपले म्हणणे मुलाने मनावर घेतले.

तो आज संघाचा मुख्य खेळाडू झाला आहे, असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या फळीत त्याला ठरलेली मिनिटे मिळतात, आता तो रिंगसमोर तोंड करून खेळतो, आणि चेंडू पुढे आणण्याची जबाबदारीही कधी कधी त्याच्याकडे येते. घरी फोन करताना तो पुन्हा खेळाविषयी बोलतो, याचे मोल त्याच्या आईला आणि मला किती आहे, ते आपण पालक म्हणून जाणता.

मानधनाचा विषय आपण आम्हाला काढूच दिला नाहीत, त्यामुळे निदान हे आभार तरी स्वीकारावेत. मे महिन्यात तो घरी येणार आहे. आपल्याकडे सकाळी सरावाला येणाऱ्यांपैकी केवळ उंचीमुळे रिंगखाली उभी केलेली मुले आधी त्याच्या हाती सोपवावीत, अशी त्याची विनंती आहे.

आपला नम्र,
एक पालक, फोंडा