शुक्रवारी निघायचंय, बाबा

प्रिय आई, बाबा,

साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर "बघू गं, दिवाळीनंतर" म्हणून बाबांनी विषय मिटवला असता. तुम्हाला न विचारता बाबांच्या पोटाच्या तपासणीसाठी मुंबईची तारीख घेतली आहे. राग आला तरी चालेल. आत्याच्या वेळी आपण सगळे एकमेकांना विचारतच राहिलो.

बाबा, एंडोस्कोपीत जठरात दिसलेल्या फुगवट्याची बायोप्सी नॉर्मल आली, मग आणखी काय तपासायचं, असं तुम्ही म्हणाल. पण चिमट्याने निघाला तो जठराच्या अस्तराचा तुकडा, आणि अस्तर चांगलंच आहे. फुगवटा त्याच्या खालून, भिंतीतून वर आलाय. जिस्ट नावाच्या दुर्मीळ गाठी अशाच भिंतीत वाढतात आणि साध्या बायोप्सीत सापडतातच असं नाही. वर्षभर ॲसिडिटीच्या गोळ्या खाऊनही दुखणं थांबत नाही, हिमोग्लोबिन उतरलंय. अशा गाठीतून आतल्या आत रक्त जाऊ शकतं.

म्हणून आता एंडोस्कोपिक सोनोग्राफी. दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफी असते, त्यामुळे भिंतीचे थर दिसतात आणि सुईने थेट गाठीतला नमुना घेता येतो. त्यावर सीडी ११७ या प्रथिनाची तपासणी करतात, जिस्टमध्ये ते बहुतेक वेळा सापडतं. शिवाय सीटी स्कॅन. गुंगी देतात, दुखत नाही.

चरबीची साधी गाठही निघेल. जिस्ट निघाली तरी आत्याचा आजार वेगळा होता, बाबा. अगदी लहान असेल तर बऱ्याचदा नुसतं लक्ष ठेवतात, नाहीतर काढतात. पुढे गरज पडलीच तर इमॅटिनिबच्या गोळ्या आहेत. २००२ पासून त्या या आजारावर देतात.

इथे लिफ्ट आहे, कमोड आहे. गॅलरीजवळच्या खोलीत तुमची खाट लावली आहे, सकाळी पेपर येतो. मऊ भात आणि मुगाचं वरण मी स्वतः करीन. माझ्या टॉन्सिलच्या वेळी ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत तुम्ही माझा अंगठा सोडला नव्हतात. मीही दारापर्यंत येणार आहे.

आता ऐका. कंबरेची पेनकिलर आजपासून घेऊ नका. रक्त पातळ करायची गोळी मात्र मनाने थांबवायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा चक्कर आली, तर शुक्रवारची वाट न बघता दवाखान्यात जायचं, रात्र असली तरी.

आई, जुने सगळे रिपोर्ट आणि एंडोस्कोपीची सीडी निळ्या पिशवीत भर. लोणच्याची बरणी नको, खरंच नको. तुझ्या गुडघ्याचा पट्टा तेवढा आठवणीने घे. गाडी सहाला येईल.

तुमची,
छकुली