टायबेरियसच्या सोन्याच्या नाण्यातलं बुजवलेलं भोक तुम्ही लपवलंत, पैसे परत हवेत

नमस्कार,

गेल्या महिन्यात तुमच्याकडून मी रोमन सम्राट टायबेरियसचं सोन्याचं नाणं घेतलं, ऑरियस. चांदीचे डिनारियस मी बरीच वर्षं जमवतोय पण सोन्याचं हे पहिलंच, आरडी मोडून घेतलंय, त्यामुळे राग किती आलाय ते समजून घ्या.

तुमच्या लिस्टिंगमध्ये लिहिलं होतं 'मूळ स्थितीत, कुठलीही दुरुस्ती नाही, वजन ७.७४ ग्रॅम'. पार्सल आलं, काट्यावर ठेवलं तर ७.४१. म्हटलं आपलाच काटा बिघडला असेल, म्हणून आमच्या नेहमीच्या सोनाराकडे गेलो, तिथेही ७.४१च. आता टायबेरियसच्या काळातली नाणी साधारण पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतात, नंतरच्या सम्राट नीरोनं इ.स. ६४च्या सुमारास वजन कमी केलं आणि एका रोमन पौंड सोन्यात ४५ नाणी पाडायला लागला तेव्हा ते ७.३च्या आसपास आलं. म्हणजे टायबेरियसचा चेहरा आणि वजन जवळपास नीरोचं, शंका येणारच ना.

सोनारानं भिंग लावलं आणि दोन मिनिटांत म्हणाला, 'याला भोक होतं, बुजवलंय, वरून डाख दिलाय, बघा इथला रंग वेगळा आहे.' राजाच्या डोक्याच्या अगदी वर, कडेला, मुगाच्या दाण्याएवढा लालसर ठिपका. तिथली अक्षरं नंतर कोरलेली, बाकीच्यांपेक्षा जाड आणि जरा वाकडी. मागच्या बाजूला ती खुर्चीवर बसलेली बाई आहे (बरेच जण तिला टायबेरियसची आई लिव्हिया मानतात), तिच्या खुर्चीखालीही तोच ठिपका. कडा पण गुळगुळीत झाल्यात, म्हणजे कुणीतरी हे कितीतरी वर्षं गळ्यात घातलंय, वजन तिथेच गेलं असणार.

आता खरं सांगू का, मला भोकाचं वाईट वाटलेलं नाही. आमच्या आईच्या पुतळ्यांच्या माळेतली प्रत्येक पुतळी अशीच ओवलेली आहे, आपल्याकडे सोन्याचं नाणं मिळालं की ते गळ्यात जाणारच! १८९८ला तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईला ५०१ रोमन सोन्याची नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर तर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव आहे, तरी अभ्यासक ती आवडीनं बघतात. तुम्ही सरळ 'भोक बुजवलेलं' असं लिहिलं असतं आणि त्या हिशोबानं किंमत लावली असती तर मी हसत घेतलं असतं. पण तुम्ही किंमत लावली बिनडागी नाण्याची, आणि फोटो असा काढलात की नेमकी वरची कड उजेडात पांढरी झालीये. हे चुकून झालं असं मला वाटत नाही.

सर्टिफिकेटचंही तेच. त्यावर टांकसाळ 'रोम' छापलंय, पण नाण्याचा हा प्रकार लुग्दुनमचा म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या ल्याँचा मानतात. आणि 'बायबलमधलं सुप्रसिद्ध नाणं' हे कुणी लिहिलं? तिथे डिनारियस म्हटलंय, ते चांदीचं, सोन्याचं नाही. एवढी किंमत घेता तर निदान एखादा जाणकार माणूस तरी बसवा.

कस्टमर केअरला तीन वेळा फोन केला. उत्तर एकच, 'सर, दोन हजार वर्षं जुनी वस्तू आहे, थोडंफार चालतं', आणि सात दिवसांची रिटर्नची मुदत संपलीये. अहो, वजन चुकीचं मी लिहिलं का? डाख मी दिला का?

पूर्ण पैसे परत द्या, कुरियर आणि इन्शुरन्सचा खर्च तुमचा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी ग्राहक आयोगात जाणार आहे. काट्याचे, भिंगातून काढलेले फोटो आणि सोनाराची वजनाची चिठ्ठी सोबत जोडलीये.

नाणं बँकेच्या लॉकरमध्ये आहे, न्यायला माणूस पाठवायच्या आदल्या दिवशी फोन करा, लॉकर चारला बंद होतो.

आपला,
एक ग्राहक