दोन फाऊल झाल्यावर तिसरी उडी

ता. दिग्रस, जि. यवतमाळ

चि. रेणुका हिस,
अनेक आशीर्वाद.

2022 च्या युजीन वर्ल्ड चॅम्पियनशिपचा व्हिडिओ पाहून तू विचारलंस, की लांब उडीत जर्मनीच्या मलायका मिहाम्बोच्या पहिल्या दोन्ही उड्या फाऊल गेल्या, म्हणजे पाय उडी घ्यायच्या बोर्डाच्या पुढं पडला, तरी तिसरीला 6.98 मीटर आणि पुढं 7.12 मारून तिनं सोनं नेलं कसं? फोनवर अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा लिहिते.

फायनलला बाराजणी. प्रत्येकीला तीन उड्या, आणि त्यातल्या पहिल्या आठजणींना आणखी तीन. (2025 च्या टोकियो वर्ल्डमध्ये ही चाळणी टप्प्याटप्प्यानं लावली आणि शेवटच्या उडीला सहाच उरल्या. म्हणून कुठंही गेलीस तरी नियमपत्रिका आधी वाचजो.) तीन फाऊल झाले की अंगात सात मीटरची उडी असून उपयोग नाही, बॅग भरायची. 2019 च्या दोहा वर्ल्डमध्येही तिचं थोडंफार असंच झालं होतं. पहिली 6.52, दुसरी फाऊल, आणि तिसरी थेट 7.30. तिला जमतं, पण ही सवय उचलण्यासारखी नाही.

दोन फाऊलनंतर बहुतेक मुली सांभाळून धावतात. तिथंच घात होतो. या पातळीच्या बायका बोर्डावर सेकंदाला नऊ मीटरच्या पुढच्या वेगानं येतात आणि उडीची लांबी मुख्यतः त्या वेगातूनच निघते. सांभाळून धावलीस की वेग गेला, पावलं आखूड झाली, म्हणजे धाव सुरू करायची मोजलेली खूणही फुकट. पाय बोर्डाच्या हातभर मागं तरी पडतो, नाहीतर शेवटी पोचायच्या घाईत पुन्हा पुढं.

आधी फाऊल कोणत्या जातीचा ते ओळख. बोर्डाच्या सहा पावलं आधी सरांची खूण असते, ती तू पाहायची नसते, सरांनी पाहायची असते. तिथंच पाय पुढं पडला असेल तर चूक सुरुवातीची. अशा वेळी धाव तीच ठेवायची आणि सुरुवातीची खूण मागं न्यायची. फाऊल पाच सेंटीमीटरचा असेल तर खूण वीतभर मागं. बोर्ड 20 सेंटीमीटर रुंद असतो, त्यामुळं वीतभर मागं गेलीस तरी चवडा बोर्डावरच राहतो. पंधरा-सतरा सेंटीमीटर जातील, जाऊ दे. तिसरी उडी मोजली जाणं महत्त्वाचं.

सरांच्या खुणेवर पाय बरोबर पडला आणि तरी फाऊल झाला, तर खूण हलवून काही होणार नाही. मग दोष शेवटच्या पावलांत आहे. मान खाली घालून बोर्ड शोधलास की पावलं ताणली जातात, पाय कमरेच्या बराच पुढं आपटतो आणि ब्रेक लागतो. शेवटून दुसरं पाऊल थोडं लांब, शेवटचं त्याहून आखूड आणि झटपट, नजर रेतीच्या पिटच्या पलीकडं. थोडीफार दुरुस्ती डोळा शेवटच्या चार-पाच पावलांत आपोआपच करतो, त्याला करू दे.

सुरुवातीच्या चुकीचं कारण बहुतेक वेळा पहिली दोन पावलं असतात. एकदा उभ्यानं निघायचं, एकदा दोन पावलं चालत निघायचं, असं केलंस तर अठरा पावलांत फरक फुटाच्या वर जातो. एकच पद्धत धर. रनवेच्या कडेला दोन खुणा ठेवता येतात, पण फक्की किंवा खडू चालत नाही, टेपच लागते. वेळ एका मिनिटाची. पंधरा सेकंद उरले की पिवळा झेंडा वर जातो, तोवर उभी राहिलीस तर घाई होतेच.

आपल्या मुरमाच्या रनवेवरची मापं नागपूरच्या सिंथेटिकवर नेऊ नकोस. तिथं पाय उसळतो, पाऊल लांबतं, खूण मागं घ्यावी लागते. वारा समोरून असेल तर खूण पुढं, पाठीमागून असेल तर मागं. सेकंदाला 2 मीटरच्या वर वारा पाठीशी असला तर विक्रम धरत नाहीत, पण उडी आणि पदक धरतात.

आता मोजमाप. अंगाचा किंवा अंगावरच्या कशाचाही रेतीतला बोर्डाच्या सगळ्यांत जवळचा खड्डा धरतात. मागं टेकलेला हात, कोपर, लोंबती वेणीसुद्धा. म्हणून अंबाडा घाल. 2021 ला नैरोबीत 20 वर्षांखालच्या वर्ल्डमध्ये आपल्या शैली सिंगची 6.59, स्वीडनच्या माया ओस्काग हिची 6.60. एका सेंटीमीटरवर सोन्याची चांदी झाली. आणि टोकियो ऑलिंपिकला अमेरिकेची ब्रिटनी रीझ आणि नायजेरियाची एसे ब्रूम दोघींच्या 6.97, मग दुसरी चांगली उडी पाहिली आणि रीझला चांदी, ब्रूमला कांस्य. त्याच फायनलला मिहाम्बोनं शेवटच्या उडीत 7.00 मारून सोनं घेतलं. एक उडी चांगली पडली म्हणून बाकीच्या सोडायच्या नसतात, ते यासाठी. अंजू बॉबी जॉर्जचं 2003 च्या पॅरिस वर्ल्डचं कांस्य 6.70 चं होतं. तुझ्या वहीत हा आकडा वर लिहून ठेव, तिच्या अथेन्स ऑलिंपिकच्या 6.83 च्या आधी, कारण त्या मोठ्या उडीला पदक नव्हतं.

उडी झाल्यावर पिटमधून मागं चालत येऊ नकोस, रेतीतल्या आपल्या खड्ड्यापेक्षा बोर्डाच्या जवळ पिटबाहेर पाय पडला तर चांगली उडीही फाऊल होते.

शाळेच्या पिटचं दिवाळीआधी उरकतो. नऊ मीटर लांब, पावणेतीन रुंद, फूटभर खोल म्हणजे पावणेतीन ब्रासच्या आसपास रेती. चाळूनच घ्यायची, माती असली की ओली करून वाळल्यावर दगड होते. रेती बोर्डाच्या पातळीत हवी, खाली बसली की मापं खोटी मोठी येतात आणि तू उगीच खूश होशील. रनवेखालची काळी माती दीड-दोन फूट काढून मुरूम भरतो आहोत, नाहीतर पावसात ती फुगते, उन्हात भेगाळते आणि बोर्ड तिरपा होतो.

येताना पन्नास मीटरचा टेप आण. इथला तीसचा आहे, आणि तुझी खूण चौतीसवर जाते.

तुझी आई