क्लीव्हलँडच्या काकांना, त्या बँकेसाठी थँक्यू

काका, हे सगळ्यांसमोर लिहितोय कारण तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "चल रे, काहीतरीच" म्हणून विषय बदलता.

युक्लिड अ‍ॅव्हेन्यू आणि ईस्ट नाइन्थच्या कोपऱ्यावरचे ते खांब मी येताजाता बघायचो, वाटायचं असेल कोर्टबिर्ट काहीतरी. तुम्ही ओढून आत नेलंत आणि आत चक्क हायनन्सचं ग्रोसरी स्टोअर! वर रंगीत काचांचा घुमट, 85 फुटांवर, आणि खाली गोलात तयार जेवणाचे काउंटर, लोक निवांत ट्रॉल्या ढकलतायत. मूळची ही 1908 ला उघडलेली क्लीव्हलँड ट्रस्ट बँक, आर्किटेक्ट जॉर्ज पोस्ट, तोच तो न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजच्या बिल्डिंगवाला, हे सगळं तुम्ही चीज निवडता निवडता सांगत होतात.

मी आपला घुमटच बघत बसलो असतो, भिंतींवरच्या चित्रांकडे तुम्ही बोट दाखवलंत. गोरे लोक अमेरिकेत येऊन कसे वसले त्याची, फ्रान्सिस मिले नावाच्या माणसाने काढलेली, आणि हा बाबा 1912 मध्ये टायटॅनिकबरोबर बुडाला!! मग हळूच म्हणालात, "गोष्ट सगळी गोऱ्यांच्या बाजूची आहे हां, नीट बघ." काका, हे कुठला गाइड सांगेल?

1996 ला इथली बँकेची शाखा बंद झाली, 2005 ला कौंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा सरकारने, जागा घेतली ऑफिसं थाटायला, बाजूचा आर्किटेक्ट मार्सेल ब्रॉयरचा टॉवरपण पाडायचं घाटत होतं, ते सगळं बारगळलं आणि शेवटी 2015 ला हे दुकान आलं, टॉवरमध्ये हॉटेल आणि फ्लॅट, तळघरात तिजोरीच्या खोल्यांत बार. मला विचाराल तर बारगळलं ते बरंच झालं. ऑफिस झालं असतं तर घुमट बघायला गळ्यात आयडी लागला असता, आता एक केळं घ्यायला आलेला माणूसपण वर बघत उभा राहू शकतो, कोण हटकत नाही. आपल्याकडे जुनी वास्तू म्हटली की एकतर म्युझियम नाहीतर कुलूप, मधलं काही सुचतच नाही बहुतेक.

तर मनापासून थँक्यू. आणि एक काम आहे, जुलैत आईबाबा येतायत. बाबा बँकेतून रिटायर झालेत, ते आत गेल्या गेल्या कॅश काउंटर कुठे होता विचारणार, मला काय डोंबल सांगता येणार, तुम्हीच चला. पार्किंगचे पैसे मी देणार, वाद घालायचा नाही.