आपण तळाच्या वसाहतीत का राहिलो नाही

चि. मृण्मयी,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले आणि ते बाबांनी मोठ्याने वाचून दाखवले. पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टरच्या बाजारात भाजी विकणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथातल्या बायकांचे आपापसांतले बोलणे तुला अर्धेअधिक समजले, हे वाचून मला आनंद झाला, पण आश्चर्य वाटले नाही. अठराव्या शतकात इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या फाल्त्स प्रांतातून हजारो शेतकरी कुटुंबे समुद्र ओलांडून तिकडे गेली. त्यांनी बरोबर नेलेली बोली त्या बायका आजही बोलतात, आणि तिचीच बहीण शोभेल अशी बोली आपल्या शेजारच्या आजी कुंपणापलीकडून रोज तुझ्याशी बोलत असत.

तू विचारले आहेस की, रामश्टाइनच्या अमेरिकी हवाई तळावर घर मिळत असताना आम्ही या गावात भाड्याचे घर का घेतले. तेव्हा तू बारा वर्षांची होतीस, मैत्रिणी दूर राहतात म्हणून रुसली होतीस, आणि त्या वयात कारण सांगूनही तुला ते पटले नसते. आता सांगते. इथल्या कायझर्सलाउटर्न शहराच्या परिसरात अमेरिकेबाहेरची सर्वांत मोठी अमेरिकी लष्करी वस्ती आहे. तिथे डॉलर चालतात, इंग्रजीवर भागते, दुकानात ओहायोत मिळणारेच सीरिअल मिळते. बदली होऊन आलेले कुटुंब तिथे काही वर्षे सुखाने राहून, जर्मन शेजाऱ्याच्या घराचा उंबरठा एकदाही न ओलांडता परत जाऊ शकते. पुण्याहून अमेरिकेत आल्यावर मी पहिली काही वर्षे केवळ आपल्याच माणसांत काढली होती. त्यात ऊब खूप होती, पण तो देश मला फार उशिरा कळला. तुम्हा मुलांच्या बाबतीत तसे होऊ नये, एवढेच माझ्या मनात होते.

गावाने आपल्याला आपलेसे केले ते कसे, हे तुला बाहेरून दिसले असेल. मला ते आतून दिसले. आपण कुठले, आपला धर्म कोणता, बाबांचा हुद्दा काय, हे सुरुवातीला कुणी विचारलेच नाही. लोकांचे लक्ष होते ते शनिवारी घरासमोरचा फुटपाथ झाडला जातो की नाही, बर्फ पडल्यावर शाळेची मुले निघण्यापूर्वी तो साफ होतो की नाही, आणि काचेच्या बाटल्या पांढऱ्या, हिरव्या व तपकिरी अशा वेगळ्या करून टाकल्या जातात की नाही, याकडे. आजींनी पहिल्याच आठवड्यात हे सगळे मला हाताला धरून शिकवले. रविवारी गवत कापायचे यंत्र चालवायचे नाही, बाटल्यासुद्धा टाकायच्या नाहीत. दुकाने बंद, रस्ते शांत. रविवारच्या विसाव्याचे हे कलम जर्मनीच्या १९१९ च्या वायमार राज्यघटनेतले असून आजच्या घटनेतही ते जसेच्या तसे ठेवले आहे, हे मला नंतर समजले आणि त्या शांततेविषयीचा माझा आदर वाढला. त्या दुपारी आजींकडे बटाट्याचे सूप आणि त्याच्याच सोबतीला निळ्या आलुबुखारांचा केक असे. खारट आणि गोड एकाच ताटात पाहून बाबा चकित झाले होते, पण पुरणपोळीबरोबर कटाची आमटी ओरपणाऱ्या माणसाने त्याचे नवल करण्याचे कारण नव्हते.

यंदा ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिन या संताच्या नावाची कंदिलांची मिरवणूक निघाली, तेव्हा तुझी फार आठवण झाली. तुझ्या धाकट्या भावाने, निनादने, काळ्या कार्डबोर्डला खिडक्या कापून, त्यावर रंगीत पतंगाचा कागद चिकटवून घुबडाचा कंदील केला होता. डिंक वाळेपर्यंत त्याला धीर नव्हता, त्यामुळे एक पंख वाटेतच सुटला. पुढे संताच्या वेशात लाल झगा घातलेला घोडेस्वार, मागे मुले, आणि नाक्यानाक्यावर गाड्या थांबवणारे स्वयंसेवी अग्निशमन दलाचे लोक. या देशात अशा स्वयंसेवकांची संख्या सुमारे दहा लाख आहे, आणि आपल्या गावात तर आग विझवणारा, झाड पडल्यावर येणारा आणि जत्रेत सॉसेज भाजणारा माणूस बहुधा एकच असतो. बाबाही त्यांच्यात चमकते जाकीट घालून उभे होते. शेवटी मैदानात शेकोटी पेटली आणि प्रत्येक मुलाला एक ब्रेझेल, म्हणजे गाठीच्या आकाराचा पाव, मिळाला.

सगळेच गोड आहे असे मी म्हणणार नाही. विमानांच्या आवाजाने आजींची झोप मोडते आणि त्या ते स्पष्ट बोलतात. २८ ऑगस्ट १९८८ रोजी तळावरच्या हवाई प्रात्यक्षिकात विमाने आदळली आणि ७० माणसे मेली. या भागात त्या दिवसाची आठवण अजून ताजी आहे. आजी मला एकदा त्या स्मारकापाशी घेऊन गेल्या होत्या. तिथली नावे त्यांनी सावकाश वाचली, काही बोलल्या नाहीत, आणि येताना माझा हात धरून चालल्या. आपण ज्या तळामुळे इथे आहोत, त्याच्याविषयी शेजाऱ्यांच्या मनात कृतज्ञता आणि दुःख दोन्ही आहे, हे मला वसाहतीत राहून कधीच कळले नसते.

आता एका विषयात मला तुझी मदत हवी आहे. निनाद चौथीत आहे. पोलिसांनी घेतलेली सायकलची परीक्षा तो पास झाला आणि आता एकटा शाळेत जातो. इथली प्राथमिक शाळा चौथीला संपते. अर्धवार्षिक निकालाबरोबर शिक्षकांची शिफारस येईल, पण ती बंधनकारक नाही, निर्णय आपलाच असेल. बाईंच्या मते त्याने गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाची तयारी करून घेणाऱ्या माध्यमिक शाळेत, जावे. बाबांना वाटते की पुढे अमेरिकेत परतायचे असल्याने त्याला तळावरच्या शाळेत घालावे. माझा कल इथल्या शाळेकडे आहे, कारण त्याचे सगळे मित्र तिकडे जाणार आहेत आणि दहाव्या वर्षी त्याने नुकती कुठे मुळे धरली आहेत. तू तळावरची शाळा शिकली आहेस आणि आता अमेरिकेतल्या कॉलेजातही आहेस. तिथे तुला काय कमी पडले आणि काय उपयोगी पडले, ते सविस्तर लिही. शक्यतो निकालाआधी लिही, म्हणजे बाबांना ते दाखवता येईल.

आजी तुला आशीर्वाद सांगतात. थंडीत कान झाकून जात जा.

तुझी,
आई