शब्दाची शिवण उसवून पाहताना

डिचोली,
आषाढ शुद्ध पंचमी

चि. बायेस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा पोचले. नववीच्या मुलांना इंग्रजीच्या तासाला डिस्टोपियन कथा, म्हणजे दडपशाहीच्या काल्पनिक राज्यातली गोष्ट, शिकवायला घेतली आहेस, मुले गोष्ट आवडीने ऐकतात, पण अवघड शब्द आला की अडतात आणि अर्थ विचारल्यावर कोशातला पहिला अर्थ म्हणून दाखवतात, असे तू लिहिले आहेस. त्यावर उपाय म्हणून दर सोमवारी वीस शब्द पाठ करून घेण्याचा तुझा विचार मला पटला नाही, म्हणून हे लांब पत्र. इंग्रजी हा माझा विषय नव्हे. परंतु शब्द कसा घडतो हे लहान मुलांना दाखवण्यात माझी सारी नोकरी गेली. तुझ्या वर्गातली बरीच मुले घरात कोकणी बोलत, चौथीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पाचवीत इंग्रजीकडे वळलेली आहेत. त्यांनी सोबत आणलेली शिदोरी तू अजून सोडलेलीच नाहीस.

'अप्रिय', 'दुर्गंध', 'निर्दोष', 'गैरहजर', 'बेफिकीर', 'आडवाट' हे शब्द फळ्यावर लिही आणि त्यांची फोड करायला सांग. ती त्यांना येईल. अ, दुर् आणि निर् संस्कृतातून आले, गैर आणि बे फारसीतून, तर आड हा आपला घरचा, हे तू त्यांना नंतर सांग. मग 'डिस्टोपिया' लिही. ग्रीकमधला 'डिस' आणि आपला 'दुस्' हे एकाच मुळाचे आहेत, आणि 'टोपोस' म्हणजे स्थान. तेव्हा मराठीत त्या शब्दाचा सांगाडा नेमका 'दुःस्थान' असा होतो. हा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे: कुंडलीतल्या सहाव्या, आठव्या आणि बाराव्या स्थानांना ज्योतिषी दुःस्थाने म्हणतात. एखाद्या मुलाने तो घरी आजीच्या तोंडून ऐकला असेल, तर तो हात वर करील, आणि त्या क्षणी तो परका शब्द त्याच्या ओळखीचा होईल.

त्याआधीचा शब्द 'युटोपिया'. टॉमस मोर यांनी तो १५१६ मध्ये घडवला, आणि त्यातला 'उ' हा नकाराचा आहे, म्हणजे 'नसलेले ठिकाण'. उच्चारात मात्र तो 'चांगले' या अर्थाच्या 'एउ'शी मिळताजुळता असल्याने एकाच शब्दात दोन अर्थ वावरतात. मोर यांच्या पुस्तकात त्या बेटाची हकीकत सांगणारा काल्पनिक खलाशी पोर्तुगीज आहे आणि तो कालिकतला आपल्या देशाची जहाजे गाठून घरी परततो. ते पुस्तक येण्याच्या सहाच वर्षे आधी, १५१० मध्ये, अल्बुकर्कने गोवा घेतला होता. आदर्श राज्याची कल्पना ज्या वाटेने युरोपात पोचल्याचे दाखवले आहे, ती वाट आपल्या किनाऱ्याजवळून जाते, हे मुलांना नकाशावर जरूर दाखव. 'डिस्टोपिया'ची हकीकत थोडक्यात सांगितलीस तरी चालेल. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेतल्या भाषणात विरोधकांना 'डिस्टोपियन्स' म्हटले होते, एवढे पुरे.

येथे एक सावधगिरी हवी. फोड करण्याचा नाद लागला की मुले सगळीकडे उपसर्ग शोधू लागतात. 'सुतार' म्हणजे सु अधिक तार नव्हे, 'बेडूक' म्हणजे बे अधिक डूक नव्हे, आणि 'अंकल'मध्ये नकाराचा 'अन' नाही. फोड बरोबर असली तरी बेरीज अर्थापर्यंत नेईलच असेही नाही: 'अमूल्य' म्हणजे ज्याला मूल्य नाही ते, पण आपण तो शब्द सर्वांत मोलाच्या वस्तूसाठी वापरतो, आणि इंग्रजीतल्या 'इन्व्हॅल्युएबल'ची गत अगदी तीच आहे. म्हणून फोडीतून हाती येतो तो केवळ अंदाज, आणि तो त्या वाक्यात बसतो का हे तपासावेच लागते. हे तपासणे म्हणजेच बारकाईने वाचणे. शब्दांचा तास वेगळा आणि वाचनाचा तास वेगळा, अशी विभागणी तू करू नयेस असे मला वाटते.

उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे ओढून नेतो, असे संस्कृत वैयाकरणांचे जुने वचन आहे, आणि त्याला दाखला आहे तो प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार या पाच शब्दांचा. हे 'बळाने' मला फार महत्त्वाचे वाटते. तुझ्या कथांमधली राज्ये नेमके हेच करतात: शब्दाचा गाभा तसाच ठेवून त्याला पुढे किंवा मागे एखादा तुकडा जोडतात आणि वाचणाऱ्याला नकळत भलतीकडे नेऊन सोडतात. मी तुझ्यासाठी एक वाक्य रचले आहे. 'अनावश्यक घटकांचे स्थलांतरण पूर्ण करण्यात आले आहे.' एक पूर्ण तास या एका वाक्याला दे. आधी नुसते मोठ्याने वाचून घे. नंतर 'अनावश्यक' फोडायला सांग आणि विचार, की आवश्यक कोण हे कोणी ठरवले? मग 'घटक' घे. लेखक, गायक, चालक यांत जो 'अक' प्रत्यय आहे तोच येथे आहे, तो कर्त्याचा प्रत्यय आहे, घडवणारा तो घटक. आणि या वाक्यात तो अशा माणसांना लावला आहे, ज्यांच्या हातात काहीच उरलेले नाही. 'स्थलांतर' हा शब्द असताना पुढे 'ण' का जोडला, तर माणसे चालत गेली नाहीत, त्यांच्यावर एक प्रक्रिया झाली, हे सांगण्यासाठी. शेवटी 'करण्यात आले' याच्यापाशी थांब आणि विचार, की कोणी केले? कर्ता शोधायला आपण पाचवीतच शिकवतो. तो वाक्यात सापडत नाही हे मुलांच्या लक्षात आले, की कथेतल्या सरकारी घोषणा तू समजावून द्याव्या लागणार नाहीत.

हे दूरच्या देशांचे आहे असे मुलांना वाटू देऊ नकोस. १९५१ मध्ये हुकूमशहा सालाझार यांच्या राजवटीने पोर्तुगालच्या संविधानातला 'वसाहत' हा शब्द काढला आणि गोवा, दमण, दीव यांना 'प्रोव्हिन्सिया उल्त्रामारिना' ठरवले. उल्त्रा म्हणजे पलीकडे, मार म्हणजे समुद्र. समुद्रापलीकडचा प्रांत! कारभार तोच राहिला, छापण्यापूर्वी मजकूर सेन्सॉरकडे नेण्याची सक्ती तशीच राहिली, नाव तेवढे बदलले. मुलांना विचार, की डिचोलीत उभे राहिलेल्या माणसाला गोवा कोणत्या समुद्रापलीकडे दिसतो? तो उपसर्ग लिस्बनमध्ये उभा राहून लावलेला आहे. शब्दाचे तुकडे पाहताना तो उच्चारणारा कोठे उभा आहे हेही पाहायचे असते, हे शिकवायला याहून जवळचे उदाहरण मला सुचत नाही. याच्या उलट बाजूही दाखव: १९४४ मध्ये त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी गोवेकरांच्या 'डीनॅशनलायझेशन'वर, म्हणजे त्यांचे राष्ट्रीयत्व हरपण्यावर, पुस्तिका लिहिली. पाच तुकड्यांचा तो बोजड शब्द लपवण्यासाठी रचलेला नव्हता, आपल्याला काय झाले आहे हे गोवेकरांना दिसावे म्हणून रचलेला होता.

आता ऑर्वेल. तू कॉलेजात असताना घरी ठेवून गेलेली '१९८४'ची प्रत मी दोनदा वाचली. १९४९ मध्ये आलेली ही संपूर्ण कादंबरी नववीसाठी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यातला नवभाषेचा, म्हणजे तिथल्या राजवटीने मुद्दाम शब्द कमी करत घडवलेल्या 'न्यूस्पीक'चा, भाग तेवढा निवड. तेथे 'बॅड' हा शब्दच काढून टाकला आहे, त्याच्या जागी 'अनगुड', आणि फारच वाईट असेल तर 'डबलप्लसअनगुड'. मुलांना हे मराठीत करून पाहायला लाव. वाईट, दुष्ट, क्रूर, नीच, कपटी, ओंगळ हे सारे शब्द बंद. केवळ 'चांगला', 'अचांगला' आणि 'अतिअचांगला' वापरून गावात पूर आला त्या रात्रीचे, किंवा घरातल्या कोणाच्या मृत्यूचे वर्णन लिहायचे. सुरुवातीला ती हसतील, आणि तू त्यांना हसू द्यावेस.

त्याच भागात 'फ्री' या शब्दाबद्दल लिहिले आहे. तो शब्द उरला आहे, पण कुत्रा उवांपासून मुक्त आहे किंवा शेत तणापासून मुक्त आहे, एवढ्याच अर्थाने. माणूस मुक्त आहे, विचार मुक्त आहे, असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. येथे फळ्यावर 'मुक्त' लिही. रोगमुक्त, तणमुक्त, करमुक्त असे दुसऱ्या शब्दाच्या मागे लागलेले 'मुक्त' मुले भराभर सांगतील. मग त्यांना सांग, की यापुढे हा शब्द फक्त असा मागेच लावता येईल, एकटा उभा करता येणार नाही. त्यानंतर १९ डिसेंबर १९६१ ला, गोव्यातली पोर्तुगीज राजवट संपली त्या दिवशी, काय झाले, हे एका वाक्यात लिहायला सांग. माझे आई-वडील त्या दिवसाबद्दल बोलताना दुसरा कोणताही शब्द वापरत नसत, आणि तो शब्द नसता तर त्यांनी आम्हाला काय सांगितले असते याचा विचार ते पान वाचल्यापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

कादंबरीच्या अखेरीस या नवभाषेवर एक परिशिष्ट आहे. ते साध्या इंग्रजीत आणि भूतकाळात लिहिलेले आहे: ती भाषा अशी होती, तिचे असे नियम होते. ही राजवट पुढे संपली असावी, असा अर्थ काही वाचक एवढ्यावरून लावतात, तर काहींना तो मान्य नाही. तू मुलांना यातले काहीच सांगू नकोस. परिशिष्टाचे पहिले पान दे, क्रियापदांखाली रेघा ओढायला सांग आणि हे कोणी, कधी लिहिले असेल, एवढेच विचार.

चतुर्थीला येशील तेव्हा 'अचांगला'च्या वह्या सोबत आण. तपासलेल्या नकोत, मुलांनी लिहिल्या तशाच आण. पुराचे वर्णन कोणी कसे केले आहे ते मला वाचायचे आहे.

तुझी,
आई